पाळकांच्या गुडघ्यांसाठी

(उपासना संपून मंडळी घरी गेली आहे. चर्चच्या मागच्या खोलीत संडे स्कूलची बाई सतरंजी गुंडाळते आहे. दारात पाळक, अंगात अजून झगा.)

पाळक : ...म्हणजे हे तुम्हीच शिकवलंत. कबूल करा आणि मोकळ्या व्हा.

बाई : मी एवढंच शिकवलं की पाळकांसाठी प्रार्थना करायची. तुम्हीच मागे लागला होतात ना? 'मुलांना पाळकांची किंमत कळली पाहिजे.'

पाळक : मी प्रार्थना लिहूनसुद्धा दिली होती.

बाई : वाचली. 'आमच्या विद्वान, प्रेमळ आणि अथक पाळकांबद्दल तुझे आभार.' स्वतःबद्दल 'विद्वान' लिहिताना पेन अडखळलं नाही तुमचं?

पाळक : जीभ आवरा. तो नमुना होता.

बाई : पण एवढ्याशा मुलांना 'अथक' समजावता समजावता मीच थकले. शेवटी दिलं सोडून.

पाळक : आणि पोरांना माझ्या गुडघ्यांवर सोडलंत! भर उपासनेत ती चिमुरडी हात जोडून म्हणते, 'प्रभू, आमच्या पाळकांचे गुडघे बरे कर, म्हणजे त्यांना आमच्यासारखं खाली बसून प्रार्थना करता येईल.' मागच्या बाकापर्यंत हशा!

बाई : पुढच्याही. चर्चच्या कमिटीतले तुमचे पंच तर तोंडाला रुमाल लावून बसले होते.

पाळक : तुम्हीही हसलात.

बाई : नाही. ती काय बोलणार, हे मलाच ठाऊक नव्हतं.

पाळक : पढवल्याशिवाय पोर असं बोलतं?

बाई : पढवलं नाही की असंच बोलतं. मी म्हटलं होतं, ज्याच्यासाठी मागायचं त्याच्याकडे आधी नीट बघा. त्याला काय कमी आहे, ते मागा. त्यांनी बघितलं.

पाळक : पाणी तपासायची नोकरी आहे तुमची. प्रयोगशाळेतलं प्रयोगशाळेत ठेवा. माझी तपासणी करायला पोरं लावू नका.

बाई : तपासायला होतं काय? दर रविवारी आम्ही सगळे या सतरंजीवर गुडघे टेकतो. तुम्ही दारात उभे. पँटची इस्त्री सांभाळत, डोळे मिटल्यासारखे करून घड्याळ बघता आणि सगळ्यांच्या आधी 'आमेन' म्हणून निघून जाता. मोठ्यांना कळतं, हा माज आहे. मुलांना वाटलं, दुखणं आहे.

पाळक : माज?

बाई : दुसरा शब्द शोधला. सापडला नाही.

पाळक : मी धर्मशास्त्र शिकत होतो तेव्हा तुम्हाला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं.

बाई : आता मी या पोरांची पुसते. तुम्ही आजवर कुणाचं पुसलंत?

पाळक : पुरे झालं. पुढच्या रविवारी मुलांना समोर बसवून सांगायचं, पाळकांना गुडघ्याचं जुनं दुखणं आहे, डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली आहे. विषय संपला.

बाई : आहे दुखणं?

पाळक : ते महत्त्वाचं नाही.

बाई : मला तेवढंच महत्त्वाचं वाटतं. फोटो काढून घ्यायला काल घंटेच्या मनोऱ्याचा जिना धावत चढलात तुम्ही. फोटोग्राफर बिचारा मागून धापा टाकत होता.

पाळक : सांगणार नसाल तर खोलीची किल्ली ठेवा इथे. वर्ग दुसरं कुणीतरी घेईल. तुमच्यावाचून काही अडत नाही.

बाई : मी यायच्या आधी या खोलीत मोडक्या खुर्च्या होत्या. तेव्हाही कुणाचं काही अडलं नव्हतं. माझं अडेल, पाळकसाहेब. माझा अख्खा आठवडा या एका तासाच्या जिवावर जातो. तरी खोटं सांगणार नाही. इथे बोलायचं ते खरं बोलायचं, एवढं एकच मी त्यांना शिकवू शकले आहे. ही घ्या किल्ली.

मुलगी : (तीच चिमुरडी, धावत परत येऊन) बाई, माझी पाण्याची बाटली राहिली.

बाई : खिडकीत आहे बघ. घे.

मुलगी : पाळकसाहेब, तुम्ही रागावलात माझ्यावर? सगळे हसले. मी हसायला नव्हतं म्हटलं काही.

पाळक : नाही, बाळ. रागावलो नाही.

मुलगी : मग थोडं बरं वाटतंय का? गुडघ्यांना?

पाळक : (झगा गुडघ्यांवर ओढून घेत) हं.

मुलगी : डावा जास्त दुखतो की उजवा? माझ्या आजीचा डावा.

बाई : सांगा ना. ती विचारते आहे.

पाळक : ...डावा. डावाच जरा.

मुलगी : मग मी रोज करेन प्रार्थना. आधी आजीच्या गुडघ्यासाठी, मग तुमच्या. बरा झाला की सांगाल ना? नाहीतर मला कळणार कसं?

पाळक : हो. सांगेन.

मुलगी : येते, बाई.

बाई : सांभाळून गं. पायरी ओली आहे.

पाळक : ...तुम्ही काही बोलला नाहीत.

बाई : काय बोलायचं? आजवर वाटायचं, तुम्ही नुसते ताठ आहात. तुम्ही तर त्या एवढ्याशा पोरीला भ्यालात.

पाळक : ही किल्ली घ्या परत. वर्ग तुमच्याकडेच राहू दे.

बाई : गप्प बसल्याचं बक्षीस असेल तर नको.

पाळक : बक्षीस नाही. ती... ती रोज करणार म्हणाली.

बाई : करणारच. एकदा मनावर घेतलं की ती सोडत नाही.

पाळक : आणि मला विचारेल.

बाई : दर रविवारी.

पाळक : काय सांगू मी तिला?

बाई : ते मला विचारू नका. द्या ती किल्ली. मी येऊन सतरंजी घालेन. गुडघे टेकायचे की नाही, ते ज्याचं त्याने बघावं.