गव्हाणीच्या फटीतल्या गोळ्या

थोरामोठ्यांनो, आयाबायांनो, नानांच्या घरच्यांनो. सरपंचांनी माईक हातात दिलाय खरा, पण कुठनं सुरू करावं कळंना. मला म्हशींसंगं बोलायची सवय. माणसांपुढं कधी बोलले न्हाय. त्यात नानांबद्दल बोलायचं. नाना असते तर म्हणले असते, "मंदे, दोन शब्द म्हणलं की दोनच बोलावं. पर तुझ्यानं व्हायचं न्हाय." न्हायच व्हायचं, नाना.

आपले नाना जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर. सारी हयात गोठ्यागोठ्यात लस टोचत फिरले. जनावरांत लम्पीची साथ आली तवा रिटायर हुते, तरी डाक्टरसायबांच्या मागं पेटी घेऊन निघाले. सुई मारायच्या आधी म्हशीला म्हणायचे, "आक्का, जरा टोचंल बरं का." अन् मालकाला? "ए, शिंगाला धर की नीट!" म्हशीला आक्का, माणसाला ए. हसा, हसा. रडकी तोंडं त्यांना चालत नव्हती. परवा दुपारी पोटभर जेवले, जरा पडतो म्हणले, अन् झोपेतच गेले. गेले बी कुणाला तरास न देता.

म्या इथं एकच गोष्ट सांगायला उभी हाय. नानांनी माझे हात वाचवले.

कोरोना सरत आला त्या वर्षीची गोष्ट. माझी बोटं सुजायला लागली. सकाळी उठलं की घंटा-दीड घंटा मूठच वळायची न्हाय. दावणीला चार म्हशी. माझे मालक जाऊन तवा दोन वर्सं झालती. मूठ वळंना तर धार काढायची कशी? अन् धार न्हाय तर चूल कशी पेटायची? बाया म्हणल्या, वात हाय, तेल चोळ. चोळलं. कायबी फरक न्हाय.

तवा नाना लसीच्या माणसांसंगं गोठ्यात आले. म्हैस लाथा झाडायली. नाना म्हशीकडं बघायचं सोडून माझ्या हाताकडंच बघायले.

"किती दिवस झाले?"

"चार महिनं."

"दोन्ही हात?"

"व्हय."

"उद्या धाराशिव."

दुसऱ्या दिवशी येरमाळ्याच्या फाट्यावरून मला एसटीत बसवलं, सोता संगं आले. डाक्टरांनी रक्त तपासलं. म्हणले, "बाई, तुमची प्रतिकारशक्ती चुकून तुमच्याच सांध्यांवर चालून गेलीय. ती दाबायची गोळी देतो. आठवड्यातून एकदाच घ्यायची."

आता तुमीच सांगा. आदल्याच वर्षी आपण समद्यांनी प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा तांब्या-तांब्यानं ढोसला का न्हाय? अन् हे डाक्टर ती कमी करायला निघालेले! म्या मनात म्हणलं, ह्याचं डोकं ठिकाणावर न्हाय. नानांपुढं मान डोलावली. घरी आल्यावर दर आठवड्याला गोळी काढायची अन् गव्हाणीच्या फटीत कोंबायची. वरनं काढा डबल केला. बोटं अजून फुगली.

एक दिवस नाना आले, अन् गव्हाण झाडताना गोळ्या घावल्या. तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरल्या. "आक्काला वात झालाय का, मंदे?"

मी रडायलाच लागले. मला वाटलं आता शिव्या घालत्यात. पर नाना तिथंच गव्हाणीच्या काठावर बसले अन् मला समजावून सांगायले. म्हणले, "रक्तात पांढऱ्या पेशी असत्यात. त्या राखण करत्यात. परका जंतू दिसला की त्याला गाठायचं, अन् त्यो पुन्हा आला तर वळखायचं. आपण लस देतो म्हंजे काय करतो? मेलेला नायतर अर्धमेला जंतू दाखवून त्यांना वळख करून देतो. पर कधी कधी ही वळखच चुकती. राखणीचं कुत्रं घरच्यालाच चावतंय ना कधी, तसं. तुझ्या पेशी तुझ्याच सांध्याचं अस्तर खायल्यात. अन् तू वरनं काढा पाजून त्यांना अजून खवळायलीस."

म्या विचारलं, "मग माझं रगत वंगाळ हाय का, नाना?"

"वंगाळ न्हाय गं. चुकलंय. चुकलेल्याला मारून टाकत न्हाईत, आवरत्यात. ही गोळी आवरायची हाय. हिनं राखण ढिली पडती, म्हणून ताप आला की लगेच डाक्टरला सांगायचं, अन् रक्त तपासत राहायचं."

जाताना दारात थांबले. नानींची बोटं शेवटी कशी वाकडी झालती ते तुमाला ठावं हाय. भाकर बी दुसऱ्यानं थापावी लागायची. नाना म्हणले, "तिला म्या नुसतं तेलच लावत बसलो. जनावराचं समदं कळत हुतं मला. घरच्या माणसाचं कळलं न्हाय." त्येवढंच. पुन्हा कधी त्यो विषय काढला न्हाय. पर मी सांगते मंडळी, त्या दिवसापासनं एक बी गोळी चुकवली न्हाय. पहिले दोन महिनं काय फरक न्हाय. मी रोज नानांच्या नावानं बोटं मोडायची. मोडता येत नव्हती तरी मोडायची! तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मूठ वळली.

आता शेवटचं. सरू, तू तिकडं मागं बसलीयस. दिवाळीपासनं पदराखाली हात लपवतीस. म्या बघितलेत. समद्यांपुढं बोलले म्हणून राग धर, चार दिवस बोलू नकोस. पर उद्या सकाळच्या गाडीनं तू माझ्यासंगं धाराशिवला यायचंस. तिकीट मी काढीन. तेल बास आता. नाना न्हाईत म्हणून ते काम थांबायचं न्हाय.

आता समदे उभे राहू. दोन मिनिटं कुणी काय बोलायचं न्हाय. लेकरांनो, तुमी बी.

अन् एक सांगू? त्या वर्षी देवापुढं उभी राहिले की माझे तळवे एकमेकांना टेकत नव्हते. मधी एवढी फट राहायची. नाना, आज बघा. पुरे टेकले. रामराम.