बॉल वर दिसला पाहिजे

लॅक्रॉस या खेळात बॉल झेलायची-फेकायची जी स्टिक असते, तिच्या टोकाच्या जाळीत बॉल होता. त्याचा माथा कडेच्या पट्टीपेक्षा साधारण पाच मिलिमीटर खाली होता. केंब्रिजच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक गृहस्थ त्या जाळीच्या दोऱ्या ओढत होते. शेजारी त्यांची मुलगी होती, शाळेच्या स्पोर्ट्स किटमध्ये.

"बाबा, बॉल कडेच्या वर दिसला पाहिजे. ट्रायलच्या आधी अंपायर चेक करते. नाहीतर स्टिक चालत नाही."

"जाळी सैल करा, असं तूच म्हणालीस ना, ऋजू?"

"थोडी सैल. तुम्ही आत वरवंटा बांधून ठेवला. वीकभर."

"बरं, ही बघ, घट्ट केली."

"आता बॉल बाहेर उडणार. कॅच कसा करू?"

"मग परत सैल करतो. किती स्टॉप राहिले?"

"दोन. बाबा, राहू दे. गोलकीपरला खोल जाळी चालते. ती स्टिक स्कूल देतं."

"गोलमध्ये नको. ब्रेसेस काढून महिना नाही झाला, आणि बॉल थेट तोंडावर येतो. आपलं ठरलंय."

"हेल्मेट असतं. आणि ते तुमचं ठरलंय. स्पोर्ट्सच्या मॅडम सप्टेंबरपासून विचारतात, गोलकीपर होतेस का."

"तू काय सांगतेस त्यांना?"

"विचार करते, असं."

"मग?"

"आज हो सांगणार. मी गोलमध्ये उभी राहणार आहे."