आठ भोकं आणि कोठीवाले मिस्त्री

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळानं अहमदपूरजवळचं आमचं तळं आटलं होतं आणि माझ्याकडे एक जुनी फायबरची शिडाची बोट होती. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा ज्या पट्ट्यांना अडकवतात, त्या आतून गंजलेल्या. नव्या पट्ट्या बाहेरून बसवायचं ठरवलं. गणित तीनदा केलं आणि धडधाकट बोटीला आठ भोकं पाडली. बोल्ट आवळून झाल्यावर मात्र धास्ती बसली. एखादं भोक गळलं, तर बायकोसकट बुडायचो. तपासायला पाणी कुठलं? प्यायलाच टँकर.

कयूम मिस्त्री धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवायचे. म्हणाले, "फिकर कशाला, सर? कोठी तपासतो तसं करू. तुम्ही आत झोपा, मी वरून ताडपत्री टाकतो. बोल्टापाशी उजेड दिसला तर गळतंय."

मी आत गेलो. वर भर दुपार, आत गच्च अंधार.

"काही दिसून राहिलं का?"

"नाही."

"आठी बोल्ट बघा."

"कुठेच नाही."

बाहेर कुणीतरी विचारलं, "आत कोण हाय?"

"सर हायत. भोक हुडकून राहिले."

घामाघूम होऊन बाहेर आलो आणि म्हणालो, "मिस्त्री, परत एकदा बघू का?"

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "सर, आत डोळे उघडे होते न्हवं?"

मिटलेले होते, हे मी कबूल केलं.

मिस्त्रींनी चपला काढल्या आणि ताडपत्री माझ्या हातात दिली. "मी बघतो. तुम्ही भाईर उभं राहून भ्या."