आमच्या अंगणातला जागतिक रस्ता

नाही, तुम्हीच सांगा, हा काय विचारायचा प्रश्न झाला? कोण वापरतं आणि कशासाठी वापरतं! अहो, जगाचा नकाशा आहे तो, कुणीही वापरेल, कशालाही वापरेल! सार्वजनिक नळाला कुणी विचारतं का, बाबा रे, कोण पितं आणि कशासाठी पितं? पण नाही... तिकडं परदेशात कुणालातरी ते कळल्याशिवाय घास उतरेना, आणि ते शोधून कळवायचं कुणी, तर ज्ञानदेवनी. ज्ञानदेव म्हणजे मीच.

तुम्हाला सांगतो, मी वाकडला कामाला. तिसरा मजला, एसी आहे, लिफ्ट बंद आहे. काम काय, तर वरनं काढलेले सॅटेलाइटचे फोटो कॉम्प्युटरवर उघडायचे आणि खाली जे दिसेल ते माउसनं गिरवत बसायचं. घर दिसलं, काढा चौकोन. ओढा दिसला, काढा निळी रेघ. रस्ता दिसला... रस्त्याचं थांबा, ते दुखणं वेगळंच आहे, त्याच्यावर येतोच मी. तर आम्ही गिरवलेलं सगळं जगाच्या एका मोठ्या नकाशात जातं, आणि तो नकाशा फुकट, अख्ख्या दुनियेला फुकट! आता फुकट म्हटल्यावर, ज्या संस्थेचं हे काम आहे तिला शंका आली की एवढं गिरवून घेतोय खरं, पण हे बघतं तरी कोण?

झालं! आमच्या अंजली मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "ज्ञानदेव, तुम्ही चाकणकडचे ना? लोकल आहात, लोकांशी कनेक्ट आहे तुमचा. हे पन्नास फॉर्म. युजर कोण आणि पर्पज काय, एवढंच लिहून आणायचं. सिंपल आहे." सिंपल! ज्याला जिना चढायचा नसतो त्याला सगळं सिंपलच वाटतं. फॉर्मवर रकाने बघा काय होते: संशोधन, शिक्षण, नगररचना, आपत्ती व्यवस्थापन. आणि सगळ्यात खाली कोपऱ्यात, पाहुण्यांच्या पंगतीत चुकून बसलेल्या माणसासारखा, 'इतर'.

गावात आलो. पहिला फॉर्म आमचे कोंडीराम तात्या. वय बहात्तर, किराणा दुकानाच्या कट्ट्यावर मोबाइल नाकाला लावून बसलेले. म्हटलं, तात्या, नकाशा वापरता का? "व्हय, रोज." मी खूश! म्हटलं, कशासाठी? "बांध बघतो. भाऊ ट्रॅक्टर घालतो आन् दरसाली वीतभर बांध खातो. खालनं दिसत न्हाई, वरनं दिसतं." मग काय लिहू तात्या, संशोधन? "लिही की! बारा वरसं दुसरं काय करतोय मी?" आता हे संशोधन म्हणायचं का? केली खूण, इतर.

दुसरा फॉर्म पिंकीवहिनी, चुलतभावाची बायको. ती नकाशावर नवऱ्याचा ठिपका बघते. नवरा फोनवर सांगतो, कंपनीत आहे, ओव्हरटाइम लागला. ठिपका असतो ढाब्यावर! मी इतरवर खूण करायला गेलो तर वहिनी पेनच हिसकावते! "इतर काय भावजी? आपत्ती व्यवस्थापन करा. आपत्ती घरी आली की तिचं व्यवस्थापन मीच करते." 

दोन फॉर्मला माझा अख्खा रविवार गेला. उरले अठ्ठेचाळीस! कोण वापरतं, कशासाठी वापरतं, मरू द्या ना राव! उन्हातान्हात दारोदार फिरून मी पन्नास माणसं आणू कुठून? आणि तेवढ्यात... अंगणातून एक चौदा चाकी गेली.

हां, आता रस्त्याचं.

झालं काय, गेल्या वर्षी आमच्या ऑफिसकडं चाकणचा पट्टा आला गिरवायला. आणि माझ्या स्क्रीनवर कुठलं गाव यावं? माझंच! आता तुम्हीच सांगा, जगात एवढी गावं असताना माणसाला स्वतःचं घर वरनं दिसलं तर त्याची छाती फुगणार की नाही? फुगली! पत्रा दिसला, गोठा दिसला, आईची तुळस म्हणजे एक हिरवा कण, तोसुद्धा मी ओळखला. आणि आमच्या अंगणातून, गोठ्याच्या मागनं, पार पाणंदीपर्यंत चाकाच्या दोन चाकोऱ्या दिसल्या. त्या आमच्या दुधाच्या टेम्पोच्या. पण ऑफिसचा नियम काय? जमिनीवर दिसतं ते काढायचं, मनाचं काढायचं नाही. दिसत होतं, काढलं. प्रामाणिकपणानं काढलं हो! फक्त 'खासगी' म्हणून एक खूण करायची असते, ती राहिली. तेवढी एक खूण! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या पाणंदीतून पुढं निघालं की माणूस थेट कंपन्यांच्या रस्त्याला लागतो, चौकातली सगळी कोंडी टळते. हे आजवर फक्त आमच्या दुधाला माहीत होतं. पंधरा दिवसांत साऱ्या हिंदुस्थानाला कळलं. पहिला आला तो हरियाणाचा. आई अंगणात कुरडया घालत बसलेली, आणि समोर ट्रक! आई म्हणाली, "आरं ए, कुठं घालतोस? घर हाय हे!" तो वरनं मोबाइल दाखवतो, "माताजी, मॅप में तो रास्ता है!" मग माताजींनी वाट अडवायला घेतली. दगड लावून बघितले, ड्रायव्हर खाली उतरून नमस्कार करून दगड बाजूला ठेवतात. आणि चाळीस फुटी ट्रेलर एकदा आत शिरला की तो मागं घेता येत नाही राव, त्याला पुढंच काढून द्यावा लागतो. शेवटी आईनं तुळस उचलून न्हाणीपाशी नेली. मला लई वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तिचं अंगण होतं ते.

तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, तूच काढलास ना, मग पूस! पुसणारच होतो. हात माउसवर होता! तेवढ्यात मध्यस्थांचा फोन आला, राजगुरुनगरचं स्थळ आहे, मुलगी हर्षाली, चाकणलाच एका कंपनीत डिस्पॅचला, मालाच्या गाड्यांचं बघते, आणि मुलीचे वडील दादासाहेब स्वतः म्हणाले, मुलाचं घर मी नकाशात बघितलंय, रोड टच आहे! 

रोड टच! या दोन शब्दांची किंमत आमच्या पट्ट्यात काय आहे ते बाहेरच्याला नाही कळायचं. मुलगा काळा असू दे, टकला असू दे, जमीन रोड टच पाहिजे. मी तेहतीस वर्षांचा, सतरा नकार पचवलेला माणूस. सतरापैकी अकरा जणांनी 'घर फार आत आहे' म्हणून नाही म्हटलेलं! हर्षालीशी दोनदा फोनवर बोललो, ती हसते छान, मला आवडली, एकदम मनापासून आवडली. आता मी तो रस्ता पुसू? कुठल्या तोंडानं पुसू? ठेवला. आई कुरडया पत्र्यावर घालायला लागली आणि मी गप्प बसलो.

आणि त्यातच हे फॉर्म आले ना! मग मी म्हटलं, आपण कशाला फिरायचं? जगच आपल्या अंगणातून जातंय! दारात टेबल टाकलं, गाडी आली की थांबवायची, चहा द्यायचा, फॉर्म भरायचा. युजर कोण? ड्रायव्हर. कशासाठी? "भाईसाब, आपके आँगन से जाने के लिए!" इतर. पुढचा. इतर. पुढचा. चार दिवसांत अठ्ठेचाळीस! कानपूर, होसूर, जमशेदपूर... मॅडमना नेऊन दिले, मॅडम म्हणाल्या, "वॉव!" 

पुढच्या रविवारी दादासाहेब घर बघायला आले. देहूरोडच्या लष्करी डेपोत तीस वर्षं स्टोअर सांभाळून रिटायर झालेला माणूस, बसायच्या आधी खुर्च्या मोजल्या! हर्षालीपण आली होती, तिनंच हट्ट धरला म्हणे. अंगणात खुर्च्या, पोहे, सगळं झकास. दादासाहेबांनी पहिला घास घेतला आणि विचारलं, "नकाशात अगदी घराला लागून रस्ता आहे, तो कुठाय?" 

मी तोंड उघडलं... आणि मागनं भोंगा! असा भोंगा की चमच्यातले पोहे परत बशीत. आई सवयीनं ओरडली, "उठा, उठा, खुर्च्या घ्या!" सगळे पाहुणे एका हातात बशी, एका हातात खुर्ची, भिंतीला चिकटून उभे, आणि समोरून ट्रेलर चाललाय... चाललाय... संपता संपत नाही! दादासाहेब धुळीतून म्हणाले, "हा रोड टच नाही हो, हा रोड आत आहे!" मग खोकले, मग म्हणाले, "कुठल्या गाढवानं काढला हा नकाशा?"

आता इथं गप्प बसायचं का नाही? कुणीही बसलं असतं. पण समोर हर्षाली उभी, बशी पदरानं झाकून. म्हटलं, हिच्याशी संसार करायचा आणि सुरुवातच लपवाछपवीनं? म्हणालो, "मी काढला." 

आई माझ्याकडं बघतीये. तिलाही तेव्हाच कळलं! "तू? आरं, माजी तुळस..." एवढंच म्हणाली आणि आत गेली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, पण धरणीवरनं दुसरा ट्रक येत होता. आणि हर्षाली, तुम्हाला खोटं वाटेल, ती हसायला लागली! "अगंबाई, आमच्या गाड्या हल्ली वेळेवर येतात त्या इथून होय!" दादासाहेब नाही हसले. "हा रस्ता नकाशातून पुसा, मग पुढचं बोलू. माझी मुलगी वाहतुकीत नांदणार नाही."

सोमवारी मी जिने पळत चढलो. पुसला! एका क्लिकमध्ये पुसला, वर्षभराचा काटा निघाला म्हणून डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मंगळवारी बघतो तर रेघ परत तिथंच. परत पुसला. बुधवारी परत! आणि खाली मोठ्या तपासनिसाची टीप, तिकडची, परदेशातली: हा रस्ता कोण वापरतं आणि कशासाठी वापरतं याचे अठ्ठेचाळीस लेखी पुरावे आमच्याकडे आहेत, कृपया छेडछाड करू नये. अठ्ठेचाळीस पुरावे! माझ्या अक्षरातले! माझ्या चहावरचे! 

मॅडम नाचतच आल्या. "ज्ञानदेव, काँग्रॅच्युलेशन्स! अख्ख्या सर्व्हेत तुमचा रस्ता सगळ्यात जास्त वापरात निघाला. त्यांनी त्याला मुख्य रस्त्याचा दर्जा दिलाय!" उघडून बघतो तर काय, बारीक पांढरी रेघ होती ती आता जाडजूड पिवळी. माझ्या घराच्या पोटातून! मी तिथंच खुर्चीत बसलो. म्हटलं, संपलं, अठरावा नकार.

संध्याकाळी दादासाहेबांचा फोन. मी आधीच बोलून टाकलं, "माफ करा, पुसायला गेलो पण..." 

"पुसलात?" माणूस ओरडलाच. "अहो, पुसू नका! आत्ताच बघितलं मी. मेन रोड झालाय! आमच्या भावकीला सगळ्यांना पाठवला फोटो. मुलगी मेन रोडला दिली म्हणजे काय चेष्टा आहे का? साखरपुडा अंगणातच करू, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे."

आता यांना काय म्हणावं! अहो, धूळ खाल्ली, बशी सोडून पळाले, डोळ्यांनी बघितलं, तरी खरं काय, तर मोबाइलमधली पिवळी रेघ! मी आईला विचारलं, करायचं का? आई न्हाणीपाशी जाऊन तुळशीला पाणी घालून आली. मग म्हणाली, "पोरगी हासती चांगली. अंगणाचं काय, गेलंच हाय ते." 

झाला हो साखरपुडा, परवाच झाला. मधे वाट सोडून दोन्हीकडं पाहुणे बसवले, एकीकडं आमचे, एकीकडं त्यांचे, आणि मी नवा शर्ट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून मधोमध उभा, कारण गाड्या सोडायला दुसरं कोण शिकलंय? गुरुजी म्हणाले, चला, अंगठी. हर्षाली समोर आली, म्हणाली, "हात पुढं करा." मी हात पुढं केला... आणि मागनं येणारा ट्रेलर थांबला.

थांबला तो थांबला, इंजिन बंद करून ड्रायव्हर खाली उतरला, हातपाय धुतले, आणि मुलीकडच्या पंगतीत जाऊन बसला. दादासाहेब माझ्या कानात कुजबुजले, "कोण हो हे? कशासाठी आलेत?" 

म्हटलं, वाढा. तेवढं एक आता मी कुणालाच विचारत नाही.