दार लावून थापलेल्या भाकरी

चूक माझी होती, तिची नव्हती, हे आधी लिहून घ्या, मग बाकीचं सांगतो. नाहीतर मी बोलत बोलत भलतीकडेच जाईन, आणि खरी गोष्ट राहूनच जाईल.

आमचं गाव साताऱ्याकडं, खटाव तालुक्यात. पोरवयातच मी खडकीला कामाला आलो, खानावळीत जेवायचो, सणाला गावी जायचो. लग्न झालं, मुलगी झाली, तिचंही लग्न झालं, तरी बायको यमुना गावाकडं आईजवळ आणि मी इकडं. मग पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला, तिथं कायमची नोकरी लागली, आणि चाळिशी उलटल्यावर, काय सांगू तुम्हाला, आम्हा नवरा-बायकोचा पहिला संसार सुरू झाला.

खोली सिंधी निर्वासितांच्या बराकीत, पोटभाड्याची. मी पाय पसरले की यमुनेला शेगडी सरकवावी लागायची. मधली भिंत अर्धीच, वर सगळं मोकळं, पलीकडं एक सिंधी म्हातारी राहायची, तिला सगळे दादी म्हणत. दादीनं कांदा तळला की आमच्या डोळ्यांत पाणी. पण त्या खोलीत आम्ही सुखात होतो बघा. मी लसूण सोलायचो, ती वाटण वाटायची, एकमेकांच्या अंगावरून हात नेल्याशिवाय मिठाचा डबासुद्धा मिळायचा नाही.

एक अडचण मात्र आधी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. गावाकडं बाई महिन्याचे चार दिवस बाजूला बसली की गोठ्याच्या पडवीत असायची आणि चूल आई सांभाळायची. इथं पडवी कुठून आणायची? यमुनेनं कोपऱ्यात गोणपाट टाकलं, ताट-तांब्या वेगळा घेतला, मला देवाच्या फळीवर फडकं टाकायला लावलं आणि म्हणाली, आता भाकरी तुम्ही करा. म्हटलं, मी? ती म्हणाली, मग काय दादी येणार आहे? म्हटलं, खानावळीतून आणतो. तर म्हणाली, उभा जन्म खानावळीचं खाल्लंत, आता माझ्या घरातही खानावळच का?

मग ती कोपऱ्यातून सांगायची आणि मी करायचो. पीठ अजून रगडा, चिरा पडतायत. मधे नको, कडेनं थापा. आता पाणी फिरवा, सगळीकडं, अहो पोतेरं नाही घालायचं, हलक्या हातानं. पहिली भाकरी परातीतून उचलतानाच फाटली, आणि ती तोंडावर पदर धरून इतकी हसली की भिंतीपलीकडून दादीनं विचारलं, क्या हुआ? तिला कशालाच हात लावता येत नव्हता, म्हणून सगळं तोंडानं सांगायचं, आणि भाकरीवरून बोलणं निघायचं ते मुलीवर जायचं, आणि यमुनेच्या माहेरावर, आणि मी नसताना तिनं गावाकडं काय काय सोसलं त्यावर. इतक्या वर्षांच्या लग्नात आम्ही बोललो नव्हतो तेवढं त्या चार चार दिवसांत बोललो.

पण हे सगळं दार लावून. कारण आमच्या गावचा दत्तू माझ्याच खात्यात कामाला होता. चाकणचा एक फिटर बायकोसाठी नळावरून हंडा आणताना दिसला, तर दत्तूनं त्याला महिनाभर बाईलवेडा म्हणून छळला होता. जेवणाच्या सुट्टीत तो आला की दत्तू म्हणायचा, सरका राव, वहिनी आल्या. मीही हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो.

असाच एकदा तिचा तिसरा दिवस, नुकत्याच भाकरी झालेल्या, दार वाजलं. उघडतो तर दत्तू गावाहून आलेला, आणि त्याच्यामागं आई, डोक्यावर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं. तिनं आत पाहिलं. सून कोपऱ्यात गोणपाटावर, आणि दुरडीत वाफाळत्या भाकरी. आई म्हणाली, कुनी केल्या ह्या?

माझ्या मनगटापर्यंत पीठ होतं. दत्तू दारात उभा होता. मी हात मागं घेतले. यमुनेनं माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि म्हणाली, मीच केल्या, आत्याबाई.

आई म्हणाली, इटाळशी हाईस आन् चुलीला हात लावलास? माज्या ल्योकाला घातलंस? पाणीसुद्धा प्याली नाही ती. दत्तूकडं झोपली आणि सकाळच्या गाडीनं परत गेली. मी गाडीवर सोडायला गेलो, तिथंही खरं सांगितलं नाही.

आमच्या कुळदैवताचा पुरणाचा नैवेद्य थोरल्या सुनेनं करायचा असतो. त्या वर्षीच्या जत्रेला आईनं परात धाकट्या सुनेपुढं सरकवली आणि यमुनेला म्हणाली, तू भांडी घास. पुढच्या जत्रेलाही तेच. यमुनेनं भांडी घासली. घरी मात्र कोपऱ्यात बसली की ती भिंतीकडं बघायची. माझी भाकरी करपली तरी बोलायची नाही, करपलेलीच खायची.

यंदाच्या जत्रेला ती राखेनं पातेलं घासत होती, तिची बोटं काळी झाली होती, ते बघून माझ्याच्यानं राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, आई, त्या दिवशीच्या भाकरी मी केल्या होत्या, हिनं चुलीला हात लावला नव्हता. आई म्हणाली, मंग त्या वक्ताला तुजी जीभ कुटं गेली व्हती? दत्तू होताच. म्हणाला, राव, मला वाटलं तू कारखान्यात आहेस, तू तर आचारी निघालास! लोक हसले, आणि जरा वेळानं हसायचे थांबले. एवढ्याशा हसण्याला मी भ्यालो होतो. नैवेद्य यंदाही धाकटीनंच केला. आई म्हणाली, फुडल्या साली बघू.

मला वाटलं, मी मोकळा झालो. परतीच्या एसटीत यमुना खिडकीबाहेर बघत म्हणाली, आत्याबाईंना सांगितलंत, दत्तूभावजींना सांगितलंत, सगळ्या गावाला सांगितलंत. मला काय? खोटं मी बोलले, ते कुणासाठी, हे मला एकदा तरी विचारलंत?

पुण्यात गाडी बदलली, पिंपरी आली, मी नुसतं गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिलो.

परवा ती कोपऱ्यात बसली. मी शेगडी पेटवली, दार सताड उघडलं आणि खाली वीट लावली. नळावर जाणाऱ्या बाया थबकून बघत होत्या, दादी तर उंबऱ्याशीच उभी राहिली. मी भाकरी थापली, तव्यावर टाकली, आणि पिठाचे हात तसेच पुढं धरून म्हणालो, यमुने, हे हात मी त्या दिवशी मागं लपवले. तू बघितलंस, तरी माझी लाज राखलीस. मी तुझी राखली नाही, आणि वर तुला भांडी घासताना बघत बसलो. माझं चुकलं. मला माफ कर.

तिनं भिंतीकडची मान वळवून तव्याकडं पाहिलं. मग म्हणाली, पाणी फिरवा आधी, वरनं सुकायला लागलीय.