ओठाची मुरड

दीर : मग त्या दुकानात ती मूर्ती आली कुठून, वहिनी?

वहिनी : मला ठाऊक नाही, भाऊजी. किती वेळा सांगू?

दीर : खालचा ओठ किंचित आत मुरडलेला. पणजोबांपासून फक्त आपल्याच मूर्तींना असा ओठ असतो. दुकानदार म्हणाला, नदीपलीकडच्या ओतकामवाल्यांकडून घेतली. ज्यांचं नावही आबा काढत नाहीत, त्यांच्याकडून. कुठेतरी पाणी मुरतंय.

वहिनी : म्हणून सकाळपासून भट्टीमागच्या फळ्या उचलून बघताय? माझी पेटीही जागची हललीय.

दीर : दादा गेल्यापासून किल्ल्या तुमच्याकडे आहेत. आबांना धड दिसत नाही. एखादा साचा बाहेर गेला तर कळणार कोणाला?

वहिनी : नोकरीला लागलात आणि घरचं काम विसरलात. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर माती लिंपायची, तापवून मेण काढून टाकायचं, पितळ ओतायचं आणि साचा फोडायचा. दर मूर्तीला नवा साचा. चोरायला उरतं काय?

दीर : म्हणजे साचा नाही, हातच गेला. तो ओठ आबांखेरीज तुम्हालाच जमतो. तिकडे कामाला जाता का, खरं सांगा.

वहिनी : खरं ऐकायचंय? दर मंगळवारी दुपारी आबा मला बाजारात पिटाळतात. सावकाश ये म्हणतात. मागच्या खेपेला मी लवकर परतले, तर दाराला आतून कडी आणि आत एका बाईचा आवाज. संशय मलाही आला. पण सासऱ्यांना कोणत्या तोंडानं विचारू?

आबा : भिंतीला कान असतात म्हणतात. इथे तर भिंतीमागे अख्खा म्हातारा आहे.

(आबा चाचपडत येऊन बाकावर बसतात.)

दीर : कोण येतं, आबा?

आबा : नदीपलीकडच्यांची थोरली लेक. पहिल्यांदा आली तेव्हा दारातूनच हाकलली. वाटलं, बापानं टेहळणीला पाठवलीय. तरी येत राहिली. म्हणाली, बापाला न सांगता येते, तुमच्या मूर्तींपुढे आमच्या मुक्या वाटतात. मग दिलं हातात मेण.

दीर : घराण्याची विद्या वैऱ्याच्या घरात दिलीत?

आबा : माझ्या आजोबांना शिकवलं कोणी, माहितेय? त्यांच्याच घरातल्या एका म्हातारीनं. तोवर आपल्या घरात कोणी मेणाला हात लावला नव्हता. पुढे भांडण झालं आणि हे सांगायचं आम्ही सोडून दिलं.

वहिनी : मग माझ्यापासून का लपवलंत?

आबा : तुला वाटलं असतं, सून कमी पडली म्हणून परकी आणली. तसं नाही गं. तुझा हात माझ्याहून बरा आहे. पण एकाच हातात ठेवलेलं त्या हाताबरोबर जातं. थोरला गेला तेव्हा कळलं मला.

दीर : एवढं लपवलंत. आता तुमच्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवू?

आबा : ठेवू नकोस. मंगळवारी थांब, स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

दीर : मी बसून काय करू? मला जमेना, म्हणूनच तर गेलो.

वहिनी : मेण मऊ करून द्यायला कोणीतरी लागतंच, भाऊजी.