गोळेअण्णांची खुर्ची

सत्तावन्न सालची गोष्ट. बारामतीच्या स्टँडवर ठमाबाई अंथुर्ण्याच्या एसटीची वाट बघत होती. शेजारी एक म्हातारे गुरुजी आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी सिंधू बोलत बसले होते.

"डाळींतल्या प्रथिनांवर डॉक्टर झालीस, आणि आता विद्यापीठात अर्ज लिहितेस?"

"दुसऱ्यांच्या संशोधनाला पैसे मिळावेत म्हणून लिहिते, गुरुजी."

"प्रयोगशाळा सुटल्याचं वाईट नाही वाटत?"

"वाटतं कधीकधी. पण माझाच अर्ज दोनदा परत आला होता. कचेरीतले गोळेअण्णा चार दिवस माझ्यापाशी बसले. म्हणाले, 'बाई, मला कळेल असं लिहा.' तिसऱ्या खेपेला मंजूर झाला. नाहीतर घरीच बसले असते मी."

"देवमाणूस म्हणायचा."

"काम पुरं झाल्यावर पेढे घेऊन गेले, तर अण्णा निवृत्त झालेले. खुर्ची रिकामी होती. मी तीच मागून घेतली."



"आणि आज इकडं कुठं?"

"अंथुर्ण्याच्या प्रयागबाईंच्या मुलाचा, कुंडलिकाचा, संशोधनाचा अर्ज मंजूर झालाय. त्यांना सांगायला निघालेय."

ठमाबाईला राहवलं नाही.

"परयागीचा कुंडलिक व्हय? चला ताई, घर मी दावते."